सुनेचे कागद

उभी नोकरी महाड-पोलादपूरच्या डोंगरपट्ट्यात तलाठी म्हणून झाली. आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. मी निवृत्त झालो तेव्हा तलाठीच होतो, आणि तळीयेच्या बाजूच्या वाड्यांवर अजून 'भाऊसाहेब'च आहे. मुलगा क्रूझवर किचनमध्ये कामाला. 2019 च्या अखेरीस त्यानं त्याच बोटीवर हाउसकीपिंगला असलेल्या मुलीशी लग्न केलं. मुलगी फिलिपिन्सची, सदर्न लेते प्रांतातली. तो पुन्हा बोटीवर गेला, सून महाडला आमच्याकडे आली आणि तिच्या कागदांची फाइल माझ्या मांडीवर पडली. का, तर 'बाबांना ऑफिसांमधलं कळतं'. आमच्या भागातली बरीच पोरं हल्ली बोटीवर नाहीतर आखातात असतात. अधूनमधून कुणाचा तरी बाप फोन करतो, "भाऊसाहेब, बाहेरच्या सुनेला कायमचं इथं ठेवायचं तर काय काय लागतं?" त्याला मी यादी देतो. यादीत न बसलेलं इथे लिहितो आहे.

1. कागद मागणाऱ्याला कागदाचं वजन कळत नाही.
सातबारा, आठ-अ, वारस नोंद, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला. जन्मभर लोकांना हेच सांगत आलो, 'त्रुटींची पूर्तता करून आणा.' वाक्य नियमाला धरून होतं, आजही त्यात मला काही वावगं दिसत नाही. फक्त तेच वाक्य इंग्रजीत, सरकारी पोर्टलवरून, माझ्या मोबाइलवर आलं तेव्हा त्याची धार कळली. ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्डाच्या अर्जाला फोटो चौकोनी लागतो आणि मागचा रंग फिका हवा, पण पांढरा चालत नाही. गावातल्या फोटोवाल्याकडे पडदा एकच, पांढरा. शेवटी आमच्या हिनं फिकट निळी चादर काढली, मी आणि फोटोवाल्याचा पोरगा दोन टोकं धरून उभे राहिलो आणि सुनेला मध्ये बसवलं. ती हसायची आणि फोटोवाला ओरडायचा, "हसू नका मॅडम, रिजेक्ट होईल." पूर्वी तांबडेवाडीसारख्या टोकाच्या वस्तीवरून चालत आलेली म्हातारी चावडीच्या पायरीवर टेकायची, मग पिशवी उघडायची, पिशवीतलं फडकं उघडायची आणि फडक्यातून कागद काढायची. मला वाटायचं, किती वेळ लावते. आता माझ्या फाइलला तीन प्लास्टिकच्या पिशव्या असतात, आणि खिडकीपाशी पोचल्यावर त्या सोडवायला मलाही तेवढाच वेळ लागतो.

2. लग्न एकदा लागतं, पण सिद्ध दर वेळी करावं लागतं.
लग्न तिकडे झालं. फिलिपिन्सच्या 1987 च्या फॅमिली कोडनुसार परदेशी नवरदेवानं आपल्या दूतावासाकडून 'याला लग्न करायला कायद्याची आडकाठी नाही' असं प्रमाणपत्र आणायचं. मुलीनं तिकडच्या सांख्यिकी खात्याकडून 'हिच्या नावावर आधीचं लग्न नाही' असा दाखला काढायचा. मग स्थानिक रजिस्ट्रार 10 दिवस नोटीस लावतो, त्यानंतर परवाना मिळतो आणि तो 120 दिवस चालतो. आपल्याकडे 1954 च्या विशेष विवाह कायद्यात नोटीस 30 दिवसांची. दोन्हीकडे हेतू एकच, कुणाची हरकत असेल तर ती यावी. आमच्या भावकीला हरकत घ्यायला नोटीस लागली नाही, हा भाग वेगळा. खरं सांगायचं तर पहिली हरकत माझ्याच मनात होती. मुलाचा फोन आला त्या रात्री मी आणि ही, दोघंही जेवताना एक शब्द बोललो नाही. पण तिकडच्या रजिस्ट्रारच्या फळ्यावर ते 10 दिवस आमच्याकडून काही गेलं नाही, आणि मुदत संपल्यावर आलेली हरकत ग्राह्य धरायची नसते, हे मला कुणी शिकवायला नको होतं. पुढे विवाहाच्या दाखल्यावर अपॉस्टिल लागलं, म्हणजे कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून लावायचं प्रमाणपत्र. भारत अपॉस्टिलच्या करारात 2005 मध्येच आला होता, फिलिपिन्स आला 14 मे 2019 ला. मुलाचं लग्न त्यानंतरचं, त्यामुळे दूतावासाच्या शिक्क्यांची एक साखळी वाचली. दोन देशांनी एकमेकांच्या सही-शिक्क्यावर विश्वास ठेवायला या लग्नाच्या वर्षापर्यंत वेळ घेतला. मला जेवणापुरता लागला, तर फार झालं नाही असं मी स्वतःला सांगतो.

3. घरात माणूस घ्यायचा तर त्याचा जबाबदार कोण, हे लिहून द्यावं लागतं.
भारतीयाच्या बायकोला आधी 'एक्स' वर्गातला एंट्री व्हिसा मिळतो. तो 180 दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून 14 दिवसांत विदेशी नागरिक नोंदणी करायची. जिल्ह्याच्या ठिकाणी ते काम पोलीस अधीक्षकांकडे असतं, म्हणजे आमच्यासाठी अलिबाग. आता बरंचसं ऑनलाइन होतं. पण त्याच्याही आधी तेव्हा एक 'फॉर्म सी' असायचा. परदेशी माणसाला मुक्कामाला ठेवणाऱ्यानं 24 तासांत कळवायचं. हॉटेल, लॉज, धर्मशाळा, आणि साधं राहतं घरसुद्धा. सून माप ओलांडून आत आली, बायका तिला हळदकुंकू लावत होत्या आणि मी माजघरात मोबाइल घेऊन 'पाहुण्याचे नाव, कुठून आले, किती दिवस राहणार' भरत बसलो होतो. किती दिवस राहणार, या रकान्यापाशी मी बराच वेळ थांबलो. राग आला होता. आपल्या सुनेची वर्दी आपणच द्यायची? पण नंतर विचार केला, आपल्याकडे मुलगी देतात, घेतात, 'आता ती तुमची' म्हणतात, आणि तिच्या बऱ्यावाईटाला उत्तर कोण देणार ते कुठेच लिहिलेलं नसतं. इथे माझं नाव, माझा नंबर, माझा पत्ता. 1946 चा जुना कायदा जाऊन 1 सप्टेंबर 2025 पासून नवा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायदा लागू झाला, तरी ठेवून घेणाऱ्यानं कळवायचं हे तसंच राहिलं आहे. राहू दे.

4. मधल्या नावात कोण बसतं, यावर घराचा नकाशा कळतो.
आपल्याकडे मुलीच्या नावामागे बापाचं नाव, लग्नानंतर तिथे नवऱ्याचं. फिलिपिन्समध्ये मधल्या नावाच्या जागी आईचं माहेरचं आडनाव असतं. लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव लावण्याची मुभा आहे, सक्ती नाही. सुनेनं पासपोर्टवरचं नाव आहे तसंच ठेवलं, आणि मी दप्तरातला माणूस म्हणून मनापासून म्हणालो, अक्षर बदलू नकोस, सगळे कागद जुळतील. जिथे जावं तिथे मात्र प्रश्न ठरलेला, "मिस्टरांचं नाव कुठंय यात?" मी समजावून सांगायचो, समोरचा मान हलवायचा आणि पुन्हा मुलाचंच नाव घालायचा. एकदा घरी या गोष्टीवर हसत होतो तेव्हा आमच्या हिनं स्वतःची पेटी उघडली. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव, रेशन कार्डावर दुसरं, बँकेच्या पासबुकात तिसरंच आणि आधारवर आडनावाचं स्पेलिंग निराळं. 'या चारही व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र मीच तिला करून दिलं होतं, तेही त्याच पेटीत. "हिला निदान विचारलं तरी, बदलायचं का म्हणून," ती म्हणाली आणि पेटी मिटली. बायकांच्या नावांचे बदल नोंदवताना माझं पेन कधी अडखळलं नव्हतं. परदेशी मुलीचे कागद बघता बघता देशी बाईचे कागद दिसले, ही या प्रकरणातली वरकमाई.

5. मुलीकडचे आपल्याविषयी काय बोलतात ते ऐकून घ्यावं.
परदेशी माणसाशी लग्न करून देश सोडणाऱ्या मुलीला फिलिपिन्स सरकार आधी समुपदेशनाला बसवतं. 'कमिशन ऑन फिलिपिनोज ओव्हरसीज' नावाची संस्था आहे, तिचं प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावर अडवतात. तिथे सांगतात, पासपोर्ट कुणाच्या हाती देऊ नका, मार बसला तर कुठे फोन करायचा, आपला दूतावास कुठे आहे, नवऱ्याची आधीची लग्नं तपासली का. टपालानं बायका मागवायचा धंदा तिकडे फोफावला होता. 1990 मध्ये त्यांनी त्याविरुद्ध कायदा केला आणि 2016 मध्ये तो कडक केला. सुनेनं हे सगळं आम्हाला सहज सांगितलं, चहा पिताना. मी दुखावलो. आम्ही काय मारणारी माणसं? त्यांच्या फॉर्मवर आमच्यासारख्या सभ्य घरासाठी एक वेगळा रकाना का नसावा? मग आठवत गेलं. या डोंगरातून मुंबईला, सुरतेला दिलेल्या किती मुलींना निघताना कुणी एवढं तरी सांगितलं होतं? 'सांभाळून राहा, दिल्या घरी सुखी राहा' एवढ्यावर बोळवण. तिचा पासपोर्ट तोवर माझ्या कपाटात होता, अर्थात सुरक्षित म्हणून. त्या संध्याकाळी तो तिच्या हातात दिला. ती म्हणाली, "ठीक आहे बाबा, तुमच्याकडेच ठेवा." ठेवला नाही. पुढे तो तिच्याच बॅगेत राहिला, आणि मला लागायचा तेव्हा मी मागून घ्यायचो.

6. माणूस बिनअनुभवी आहे असं आपण धरून चालतो, ते आपल्याच गावापुरतं खरं असतं.
मार्च 2020 मध्ये सगळं बंद झालं. अडकलेल्या परदेशी लोकांचे व्हिसे सरकारनं आपणहून वाढवले, तेवढा ताप वाचला. मुलाची बोट त्या उन्हाळ्यात मनिलाच्या उपसागरात नांगरून पडली होती; तिथे तेव्हा कितीतरी क्रूझ कर्मचाऱ्यांसह अशाच उभ्या होत्या. म्हणजे आमचा पोरगा तिच्या देशाच्या पाण्यात आणि ती आमच्या पडवीत. 3 जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला लागलं. आम्ही घाबरलेलो, देवापुढे दिवा लावून बसलेलो. तिनं विचारलं, "सिग्नल नंबर कितीचा?" तिकडे वादळाला 1 ते 5 सिग्नल असतात आणि वर्षाला वीसेक वादळं त्यांच्या भागातून जातात. आमच्याकडे बंदरावर बावटे लावतात, महाडात काय असणार. तिनं पाण्याची भांडी भरून घेतली, बॅटरी, मेणबत्ती, काडेपेटी एका डब्यात काढली, सगळे कागद आवळून बांधले आणि तांदळाच्या पिंपात खोल खुपसले. शेजाऱ्यांचे पत्रे उडाले तेव्हा ती ओटीवर जाऊन कोणत्या बाजूनं वारा फिरतोय ते बघून आली आणि मागची खिडकी किलकिली ठेवायला सांगितली. मी तिला इथलं पावसापाण्याचं सगळं समजावून सांगायचं ठरवलं होतं. त्या दिवसानंतर तो बेत सोडून दिला.

7. माणसाचं असणं शेवटी माणसंच सांगतात.
22 जुलै 2021. महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळजवळ 600 मिलिमीटर पाऊस पडला. सावित्री नदी तिथलीच, महाड बुडालं. आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा गच्चीवर सगळ्यात आधी पोचली ती तिची बांधलेली फाइल. त्याच दिवशी तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर आला. पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडी कोसळल्या. एकट्या तळीयेत 80 हून जास्त माणसं गेली. 26 तारखेला शोध थांबला आणि जे सापडले नाहीत त्यांना मृत घोषित करण्यात आलं. तो सजा, म्हणजे तलाठ्याच्या कामाचा भाग, काही काळ माझ्याकडे होता. त्या नावांतली कितीतरी मी माझ्या अक्षरात लिहिली होती. मदत जाहीर झाली, वारसांना राज्याकडून 5 लाख, केंद्राकडून 2 लाख. पण वारस कोण, घरात त्या दिवशी कोण होतं, पाहुणा म्हणून कोण आलं होतं? रेशन कार्डं, आधार, दाखले, सगळं चिखलाखाली. तेव्हा चाललं ते पोलीस पाटलांचं, मुंबईहून धावत आलेल्या भावाचं, शेजारच्या वाडीतल्या बाईचं सांगणं.

सुनेला सांगितलं तेव्हा तिनं एकच विचारलं, "यादी कोण करतंय?" तिच्याच प्रांतात सेंट बर्नार्डजवळ गिनसाउगोन नावाचं गाव होतं. 17 फेब्रुवारी 2006 ला, दिवसांमागून दिवस पाऊस पडल्यावर, अख्खा डोंगर त्याच्यावर आला. शाळा भरलेली होती. हजारावर माणसं गेली. ही तेव्हा दुसऱ्या गावी शाळेत शिकत होती. ती म्हणाली, ज्यांच्या घरातलं कुणीच उरलं नाही त्यांची नावं शेवटपर्यंत राहून जातात, म्हणून यादी शेजाऱ्यांकडून करून घ्यायची. जन्मभर याद्या केलेल्या माणसाला हे सांगायला समुद्रापलीकडून कुणी यावं लागलं. दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन गेलो आणि शेजाऱ्यांपासून सुरुवात केली.

8. तपासणी तिची आहे असं वाटतं. निम्मी आपली असते.
नागरिकत्व कायद्याच्या कलम 7अ प्रमाणे भारतीयाच्या परदेशी बायकोला वा नवऱ्याला ओसीआय मिळतं ते लग्न नोंदलेलं असेल आणि अर्जाच्या लगेच आधीची सलग दोन वर्षं ते टिकून असेल तरच. शिवाय सुरक्षा यंत्रणांची मंजुरी. अर्ज भारतातून केला तर शुल्क 15,000 रुपये. शुल्क भरता येतं. लग्न टिकून आहे हे कसं दाखवणार? नवरा वर्षातले बरेच महिने पाण्यावर. एकत्र फोटो मोजके, आणि त्यातल्या निम्म्यांत दोघंही युनिफॉर्ममध्ये, बोटीच्या जेवणघरात. मग चौकशीला हवालदार घरी आला. मला वाटलं सुनेला विचारेल. तिला त्यानं चार प्रश्न विचारले आणि मग शेजारी गेला. आमच्याकडे भांडणं होतात का, सून बाहेर पडते का, घरात तिला नीट वागवतात का, मुलगा पैसे पाठवतो का. पुढे गावाकडे पोलीस पाटलांनाही विचारणा झाली. जन्मभर मी लोकांच्या घरांचे पंचनामे केले, माझ्या घराचा हा पहिलाच. शेजारच्या काकूंनी काय सांगितलं ते नंतर त्यांनीच भाजी निवडताना सांगितलं, "म्हटलं, सासूशी मासळीवरून वाद होतो, बाकी काही नाही." बांगड्याला आंबट चिंच की कोकम, यावर ते भांडण आजही चालू आहे. माझ्या मते दोन वर्षं टिकलेल्या संसाराचा याहून पक्का पुरावा नसेल, पण तो जोडायला अर्जात जागा नव्हती.

9. 'आजन्म' असं छापलेलं असलं तरी खालची बारीक अक्षरं वाचावीत.
कार्ड आलं. कितीही वेळा या, राहा, नोंदणीची कटकट नाही. पण मतदान नाही, घटनात्मक पदं नाहीत. पत्रकारिता, संशोधन, धर्मप्रचार आणि गिर्यारोहण यांना मार्च 2021 च्या अधिसूचनेनुसार वेगळी परवानगी हवी. गिर्यारोहण! आमच्याकडे दुधाचा रतीब घालायला सुद्धा डोंगर चढावा लागतो. आणि लग्न मोडलं तर कार्ड रद्द होऊ शकतं. पूर्ण नागरिकत्व हवं तर सात वर्षं राहून अर्ज करता येतो, पण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणजे तिला तिचं सोडावं लागेल. ती नको म्हणाली, मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही.

माझा जीव अडकला तो जमिनीच्या कलमात. ओसीआय असलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं मात्र मिळू शकते. नंतर कळलं की तिकडेही हेच: फिलिपिन्सच्या 1987 च्या राज्यघटनेत परदेशी माणसाला जमीन घेता येत नाही, अपवाद वारसाहक्काचा. म्हणजे आमच्या मुलाला तिच्या गावचं नारळाचं एक झाड घेता येणार नाही, तिला आमचा वरकसचा तुकडा घेता येणार नाही, आणि कुणीतरी मेलं तर दोघांनाही दोन्हीकडे मिळू शकेल. पूर्वी मी हे ऐकलं असतं तर म्हटलं असतं, बरोबर आहे, जमीन घरातच राहावी. पण तळीयेनंतर तसं तोंडातून निघत नाही. डोंगर खाली आला तरी सातबाऱ्यावरचं क्षेत्र आहे तेवढंच होतं, गुंठाभरही कमी झालं नव्हतं. ज्यांच्या नावावर ते होतं ती माणसं आधी पत्र्याच्या तात्पुरत्या खोल्यांत आणि मग म्हाडानं बांधलेल्या घरांत राहायला गेली. कायमच्या रहिवाशाचा दाखला ज्या हातानं शेकड्यांनी दिला, त्याला 'कायम' या रकान्याबद्दल आता पूर्वीइतकी खात्री नाही. सुनेच्या कार्डावरच्या अटी त्या मानानं प्रामाणिक वाटतात. त्या निदान लिहिलेल्या आहेत.

10. आपण बाहेरच्या सुनेला काय देतो, त्यावर बाहेर आपल्या मुलाला काय मिळतं ते ठरतं.
मुलगा म्हणतो, बोट सोडली की काही वर्षं तिकडे राहू. तिची आई थकली आहे. म्हणून तिकडचा कायदाही वाचून काढला. फिलिपिन्सचा इमिग्रेशन कायदा 1940 चा. त्याच्या 13व्या कलमाच्या 'ए' भागात फिलिपिनो नागरिकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला कायम रहिवासाची सोय आहे. नवरा-बायको मनिलाला इंट्राम्युरोसच्या इमिग्रेशन कचेरीत एकत्र मुलाखतीला जायचं, पहिलं वर्ष परीक्षेचं आणि ते नीट पार पडलं तर कायमचं. त्यानंतरही दर वर्षी पहिल्या 60 दिवसांत 'मी इथंच आहे' अशी हजेरी लावायची. इथवर सगळं ओळखीचं वाटलं. मग एक अट दिसली: ही सोय त्याच देशांच्या नागरिकांना, जे देश फिलिपिनो लोकांना तशीच सोय देतात.

ते वाचून मी चष्मा काढून ठेवला. इतके दिवस मी समजत होतो की आपण एका मुलीला आपल्यात घेतोय, काय द्यायचं ते आपल्या मर्जीवर आहे, आणि तिनं ते मिळालं तसं गोड मानून घ्यावं. तिकडचा अधिकारी मात्र माझ्या मुलाकडे बघण्याआधी माझ्या देशाकडे बघणार. त्याच्या चांगल्या वागण्याचा दाखला नंतर, आधी आमच्या वागण्याचा. फॉर्म सी भरताना मला राग आला होता, समुपदेशनाचं ऐकून मी दुखावलो होतो, हवालदार शेजारी गेला तेव्हा ओशाळलो होतो. तिन्ही वेळा विचारणा एकच चालली होती, ती या अटीपाशी आल्यावर समजली. प्रश्न ती इथे राहायला लायक आहे का एवढाच नव्हता. ती जिथे राहणार ते घर, ते गाव, तो देश कसा आहे, हाही होता.

मुलाला एवढंच सांगितलंय की तिकडच्या मुलाखतीत दोघांना बायकोचा वाढदिवस वेगवेगळा विचारला तर उत्तरं जुळायला हवीत, तेवढं पाठ कर. तो म्हणाला, "पाठ आहे हो बाबा." मी तारीख विचारली. सून आतून ओरडली, "चूक!"